तेलाचा काटा: कोकणात घरी विमान बांधणाऱ्यांसाठी

नव्या माणसाने इंजिन पहिल्यांदा सुरू केलं की त्याची नजर तेलाच्या काट्यावरच्या लाल रेघेला चिकटते. काटा तिथवर गेला नाही म्हणजे सगळं ठीक, असं तो धरून चालतो. किनाऱ्यावर हा हिशोब अर्धाच आहे. तेल फार तापून खराब झालेली इंजिनं मी पाहिली आहेत, पण तेल पुरेसं न तापल्यामुळे आतून गंजलेली त्याहून जास्त पाहिली आहेत. म्हणून या लेखात लाल रेघेइतकीच काट्याच्या खालच्या टोकाचीही काळजी आहे.

चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादवांनी बांधलेलं विमान २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिलं, तेव्हापासून आपल्याकडच्या मुलांना हे काम परकं वाटत नाही. माझी शेड रत्नागिरीजवळ आहे, जांभ्याच्या भिंती आणि वर पत्रा. विमान तिथे राहतं. उडवायचं तेव्हा पंख उतरवून आंबा घाटातून वर नेतो. त्यामुळे एकच इंजिन खारी हवा आणि घाटावरची कोरडी हवा दोन्ही खातं, आणि फरक डोळ्यांना दिसतो.

घरी बांधलेल्या दोन आसनी विमानांत बहुतेकदा रोटॅक्स ९१२ जातीचं इंजिन असतं, जरा मोठ्या विमानांत लायकमिंग ओ-३२०. खाली मुख्यतः रोटॅक्स ९१२ यूएलएस डोळ्यांसमोर ठेवून लिहितो. तुमच्या इंजिनाची पुस्तिका वेगळं सांगत असेल तर पुस्तिकेचंच ऐका.

चार आकडे भिंतीवर लिहून ठेवा

रोटॅक्स ९१२ यूएलएससाठी: तेल ५० अंश सेल्सिअस होईपर्यंत उड्डाण नाही. चालू उड्डाणात ९० ते ११० ही सुखाची जागा. १३० ही लाल रेघ. आणि चौथा आकडा, जो लोक विसरतात, तो १००. उडण्याच्या प्रत्येक दिवशी तेल निदान एकदा १०० अंशांवर गेलंच पाहिजे, म्हणजे तेलात जमलेलं पाणी उडून जातं.

लायकमिंगची लाल रेघ ११८ अंशांवर आहे, आणि आपल्यासारख्या उष्ण हवेत तेल ८२ च्या आसपास असावं असं कंपनी सांगते. ८२ अंशांना पाणी कसं उडेल, असं विचाराल. सेन्सर जिथे बसतो तिथे तेल कूलरमधून थंड होऊन इंजिनात शिरत असतं. पुढे बेअरिंग आणि पिस्टनच्या पोटापाशी ते त्याहून बरंच तापतं. रोटॅक्समध्येही काटा थंड होऊन आलेलं तेलच मोजतो. हे एकदा समजलं की काट्याकडे बघण्याची नजर बदलते: इंजिनातलं सगळ्यात तापलेलं तेल काटा कधीच दाखवत नाही.

पाणी येतं कुठून

दमट हवेमुळे तेलात पाणी येतं असा सगळ्यांचा समज असतो. तो थोडाच खरा आहे. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ एक्झॉस्टमधून निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरते. तेल गरम असेल तर ती ब्रीदरमधून, म्हणजे आतली हवा सोडणाऱ्या नळीतून, बाहेर पडते. तेल कोमट असेल तर तिचं पाणी होऊन तेलात मिसळतं, आणि जळालेल्या वायूंबरोबर मिळून आम्ल बनतं. किनाऱ्यावरच्या हवेचा दोष यानंतर सुरू होतो: बाहेर आधीच ओल असल्यामुळे आत अडकलेलं पाणी सहजासहजी सुकत नाही.

म्हणूनच दर रविवारी शेडमध्ये पाच मिनिटं इंजिन फिरवून बंद करण्याची सवय सगळ्यात वाईट. त्या पाच मिनिटांत पाणी तयार होतं, पण ते उडवण्याइतकं तेल तापत नाही. इंजिन वापरात आहे असं मनाला वाटतं आणि आत गंज धरतो. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (झडपा हलवणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या वर असतो, तिथलं तेल उभ्या इंजिनात ओघळून जातं, त्यामुळे गंज तिथे आधी लागतो. उडायचं असेल तर उडा, नाहीतर इंजिनाला हात लावू नका.

तेल भरायच्या झाकणाची आतली बाजू पाहायची सवय लावा. तिथे पिवळट साय जमलेली दिसली किंवा डिपस्टिकवरचं तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मुरलेलं आहे.

आधी काट्याची परीक्षा घ्या

कूलर, डक्ट (हवेची वाट), थर्मोस्टॅट (तेल गार असताना ते कूलरकडे जाऊ न देणारी झडप) यांपैकी कशालाही हात लावण्याआधी हे करा. मी केलं नव्हतं आणि त्याची किंमत मोजली. दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला शेडबाहेर इंजिन चालवत होतो. काटा ८४ वर स्थिर होता. मी खूश. शेजारी उभ्या असलेल्या भाच्याने बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर तेलाच्या टाकीवर धरला आणि म्हणाला, "मामा, इथे ११२ दाखवतोय." टाकी कूलरच्या आधी असते, म्हणून ती थोडी जास्त गरम असणारच, पण इतकी नाही.

रोटॅक्सवर जो सेन्सर येतो त्याचा विद्युतरोध तापमान वाढेल तसा कमी होतो. आता जोडावर हिरवा-पांढरा गंज चढला की सर्किटमध्ये जास्तीचा रोध भरतो आणि गेजला वाटतं तेल थंड आहे. खाऱ्या हवेतला गंज तुम्हाला खोटा दिलासा देतो, ही इथली सगळ्यात धोकादायक गोष्ट. उलट, सेन्सरची तार कुठे धातूला टेकली तर काटा एकदम वरच्या टोकाला जातो. ते घाबरवतं, पण निदान दिसतं तरी.

परीक्षा सोपी आहे आणि त्यात समुद्रकाठी राहण्याचा फायदा आहे. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, तुम्हाला महागडं उपकरण लागत नाही. (हेच महाबळेश्वरला केलंत तर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळेल.) सेन्सर काढा. त्याच्या धातूच्या अंगाला एक तार चिमट्याने लावून ती इंजिनाच्या अर्थिंगला जोडा, कारण सेन्सर अर्थिंग स्वतःच्या अंगातूनच घेतो. मग फक्त खालचं टोक खळखळ उकळत्या पाण्यात धरा. वरचा जोड भिजवू नका. गेज ९८ ते १०२ दाखवत असेल तर ठीक. माझ्या गेजने ८६ दाखवले. जोड कापून नवा दाबून बसवला, अर्थिंगची तार घासून पक्की केली, मग ९९. जोडावर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा आणि ही परीक्षा दर वर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा करा. भांडं स्वयंपाकघरात परत देऊ नका.

कूलर बसवताना

नवा माणूस कूलर मोठा घ्यायला धावतो. बहुतेक वेळा कूलर पुरेसा असतो, त्याच्यातून जाणारा वारा अपुरा असतो. आपल्या जुन्या घरांत पडवीचं दार उघडं असलं तरी मागचं दार बंद असेल तर माजघरात वारा येत नाही. कूलरचं तसंच. पुढून हवा घुसायला तोंड केलं, पण काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, पोटातून बाहेर पडायला वाट ठेवली नाही, तर हवा आत साचते आणि नवी हवा आत येत नाही. गरम हवा फुगते, म्हणून बाहेर पडायची वाट आत यायच्या तोंडापेक्षा मोठी असावी.

दुसरी चूक म्हणजे कूलर पाण्याच्या रेडिएटरच्या मागे बसवणं. तिथे त्याला आधीच तापलेली हवा मिळते. जागाच नसेल तर बसवा, पण मग कूलरच्या चारही कडांना सिलिकॉनची पट्टी लावून फटी बुजवा. हवा आळशी असते. कूलरच्या फिन्समधून (पातळ पात्यांमधून) जाण्यापेक्षा शेजारच्या बोटभर फटीतून जाणं तिला सोपं पडतं. माझ्या विमानात फक्त फटी बुजवून चढताना तेल नऊ अंशांनी उतरलं, दुसरा एकही बदल न करता.

वारा खरंच जातोय का हे मोजायचं असेल तर गवंड्याची लेव्हल नळी आठवा. पारदर्शक नळीचं एक टोक कूलरच्या पुढे, दुसरं मागे, मधला भाग इंग्रजी यू आकारात केबिनमध्ये, त्यात रंगीत पाणी. ताशी १६० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा पूर्ण दाब साधारण १२ सेंटिमीटर पाण्याइतका असतो. त्यातला चांगला हिस्सा कूलरच्या दोन बाजूंमधल्या फरकात दिसला पाहिजे. दोन-तीन सेंटिमीटरच फरक दिसत असेल तर कूलर बदलू नका, हवेची वाट दुरुस्त करा. आकडे शेजारी बसलेल्याने लिहावेत. विमान चालवणाऱ्याने नळीकडे बघत बसू नये.

तेलाच्या नळ्यांबद्दल रोटॅक्सची एक खास गोष्ट ध्यानात ठेवा. तेल टाकीतून कूलरमध्ये आणि तिथून पंपात जातं, म्हणजे कूलर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला आहे. तिथला क्लॅम्प सैल असेल तर बाहेर तेल गळेलच असं नाही. उलट आत हवा ओढली जाते आणि तेलाचा दाब थरथरतो. अरुंद नळी किंवा चिमटलेला बाक इथे चालत नाही. कूलरची तोंडं वरच्या बाजूला ठेवा म्हणजे उभ्या विमानात तो रिकामा होत नाही. नळ्या जोडून झाल्या की पुस्तिकेतली हवा काढण्याची कृती जशीच्या तशी करा; ती टाळून पहिल्यांदा इंजिन सुरू करणं म्हणजे बेअरिंगना कोरडं फिरवणं.

थर्मोस्टॅट बसवाच. आपल्याकडे थंडी कुठे, असं म्हणून लोक तो वगळतात. घाटावर जानेवारीच्या सकाळी, कमी पॉवरवर, पाच हजार फुटांवर एकदा उडून बघा. तेल ७५ च्या वर सरकत नाही. दर हजार फुटांना हवा साधारण दोन अंशांनी गार होते.

तेल कुठलं

यावर वाद घालू नका. रोटॅक्समध्ये तेच तेल गिअरबॉक्सलाही जातं, म्हणून त्याला मोटरसायकलच्या जातीचं, गिअर सांभाळणारं तेल लागतं; विमानाचं नेहमीचं तेल त्यात घालायचं नाही. लायकमिंगमध्ये उलट, मोटारीचं तेल घालायचं नाही.

सुरू करणं आणि गरम करणं

तेलाची पातळी बघण्याआधी रोटॅक्सचा प्रोपेलर हाताने फिरवावा लागतो. या इंजिनात तळातलं तेल टाकीत परत नेणारा वेगळा पंप नाही. क्रँककेसमधला दाबच ते ढकलतो. दोन्ही इग्निशन बंद आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, तरीही प्रोपेलर कधीही सुटेल असं समजूनच उभे राहा, टाकीचं झाकण उघडा आणि फिरण्याच्याच दिशेने सावकाश फिरवा. उलट फिरवू नका. टाकीतून गुडगुड आवाज आला की थांबा आणि मग डिपस्टिक बघा. खालच्या आणि वरच्या खुणेत फक्त ०.४५ लिटरचा फरक आहे. तेल कमी असेल तर तेच थोडं तेल पुन्हा पुन्हा फिरून लवकर तापतं.

विमानाचं नाक वाऱ्याकडे करा. सकाळी मतलई वारा जमिनीवरून येतो, दुपारी खारं वारं पश्चिमेकडून. सकाळी केलेली दिशा दुपारी चालत नाही. पाठीत वारा घेऊन उभं राहिलं तर काउलिंगमधून बाहेर पडणारी गरम हवाच पुन्हा आत येते.

सुरू झाल्यावर दहा सेकंदांत तेलाचा दाब दिसला पाहिजे. नाही दिसला तर लगेच बंद. दोन मिनिटं २००० आरपीएम (मिनिटाला फेरे), मग ५० अंश होईपर्यंत २५००. थंड तेल घट्ट असतं, म्हणून सुरुवातीला दाब जास्त दिसेल. तेल तापेल तसा तो खाली येईल. ही दोन काट्यांची उलटसुलट चाल नीट बघून ठेवा, हवेत तीच उपयोगी पडते.

हवेत

चढताना इंजिन पूर्ण जोर लावतं आणि वेग कमी असतो, म्हणून तेल इथेच सगळ्यात जास्त तापतं. ११५ च्या पुढे काटा सरकू लागला की वाट बघू नका. नाक थोडं खाली घ्या, वेग वाढू द्या, उंची पुरेशी असेल तर पॉवर कमी करा. तेल हळू तापतं आणि हळूच निवतं. तुम्ही आत्ता केलेल्या गोष्टीचा परिणाम दीड-दोन मिनिटांनी दिसेल.

तेल तापतंय आणि दाबही उतरतोय, तर ते खरं आहे: पॉवर कमी करा आणि जवळच्या पट्टीवर उतरा. ३५०० आरपीएमच्या वर दाब २ ते ५ बार असायला हवा. तापमान एका क्षणात ९५ वरून टोकाला गेलं पण दाब जागचा हलला नाही, तर तार तुटली किंवा टेकली असण्याचीच शक्यता जास्त. तरीही उतरून बघा. दाब पडला आणि तापमान शांत आहे, याचा अर्थ तापमान बरोबर आहे असा काढू नका. तेल उरलंच नसेल तर सेन्सरला सांगायला काही नसतं.

प्रत्येक उड्डाणात बाहेरचं तापमान, तेलाचं तापमान, आरपीएम आणि वेग वहीत लिहा. त्याच पॉवरवर बाहेरची हवा जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश तेलही वर जातं. थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असताना हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो. माझ्या वहीत जानेवारीत घाटावर बाहेर १८ आणि चढताना तेल १०४ अशी नोंद आहे. होळीच्या आसपास किनाऱ्यावर पूर्वेचा वारा सुटतो, खारं वारं उशिरा येतं, आणि पारा ३८ ला टेकतो. म्हणजे वीस अंशांची भर, तेल १२४. लाल रेघ १३०. जानेवारीत सुरेख वाटलेली रचना मार्चमध्ये काठावर उभी आहे, हे उडण्याआधीच कागदावर कळतं.

तेल गारच राहत असेल तर

आधी काट्याची परीक्षा, मग थर्मोस्टॅट. दोन्ही ठीक असतील तर कूलरच्या पुढच्या तोंडावर एका कडेने ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, एका वेळी दोन बोटं रुंद. उडा, लिहा, मग पुढची पट्टी. एका दिवशी दोन बदल केलेत तर कशाने काय झालं ते कळणार नाही. आणि पट्टी लावली की डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: "कूलर झाकलेला आहे". फेब्रुवारी संपला की पट्टी निघालीच पाहिजे.

मीठ आणि माश्या

किनाऱ्यावर उभ्या विमानाच्या कूलरवर मिठाचा पातळ थर बसतो, त्याला धूळ चिकटते, आणि फिन्स हळूहळू बुजतात. इंजिन थंड असताना गोड्या पाण्याच्या मंद धारेने मागून पुढे धुवा. गॅरेजातल्या प्रेशरच्या फवाऱ्याने फिन्स वाकतात, तो लांब ठेवा. वाकलेले फिन्स लाकडी काडीने सरळ करता येतात.

कुंभारीण माशी ही माझी जुनी दुश्मन. पेन्सिलएवढं कुठलंही भोक दिसलं की ती चिखलाचं घर बांधते, आणि तेलाच्या टाकीचा ब्रीदर तिला फार आवडतो. ब्रीदर तुंबला तर दाब दुसरीकडून वाट काढतो आणि तेल नको तिथून बाहेर पडतं. नळीच्या तोंडावर तांब्याची जाळी लावा, आणि उडण्याआधी टॉर्च लावून आत बघा.

पावसाळ्यात

माझे काका होडी वर ओढून झावळ्यांनी शाकारण्याआधी इंजिनातलं तेल बदलायचे. वापरलेलं तेल चार महिने पोटात ठेवू नये, असं ते म्हणायचे. विमानाला हे तसंच्या तसं लागू आहे. वापरलेल्या तेलात आम्ल असतं आणि ते उभ्या इंजिनात धातू खात बसतं. मे महिन्याच्या शेवटच्या उड्डाणात तेल १०० च्या वर अर्धा तास ठेवा, उतरल्यावर गरम असतानाच काढा, फिल्टर बदला, नवं भरा. नवं तेल सगळीकडे पोचावं म्हणून पुन्हा एकदा उडून तापवून आणता आलं तर उत्तम. मग एक्झॉस्ट, हवेची तोंडं आणि ब्रीदर झाका. सिलिका जेलच्या पिशव्या आत टाका. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत ठेवा. झाकलेल्या प्रत्येक भोकाला लाल फडकं बांधा, आणि एकूण किती फडकी बांधली तो आकडा प्रोपेलरला चिठ्ठी लावून लिहा.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात तेव्हा मी शेड उघडतो. पहिल्या दिवशी इंजिन सुरू करत नाही. फडकी मोजून काढतो, झाकणाखाली साय बघतो, सेन्सर उकळत्या पाण्यात धरतो. आकाश मोकळं होऊन विमान घाटावर नेता येईल, त्याच दिवशी इंजिनाला किल्ली लावतो.